प्रसूति-लाभ
कष्टाची कामे करणाऱ्या स्त्रीला गरोदरपणाच्या अखेरच्या काळात व बाळंतपणानंतर मिळणारी सवेतन रजा, त्या काळातील नोकरीची शाश्वती आणि जड कामापासून मिळणारे संरक्षण यांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने बारा आठवड्यांच्या रजेचा संकेत संमत केला; हिंदुस्थान सरकारने मात्र त्यास मान्यता दिली नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रिया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनेक स्त्रिया दिवस भरेपर्यंत काम करतात, तसेच तान्ह्या मुलांना झोपविण्यासाठी अफू देतात, असे नमूद केले होते. रजा म्हणजे रोजीचा तोटा, हे त्यामागचे साधे कारण होय. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले.

मुंबई विधिपरिषदेत आर्. एस्. असवले यांच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये झालेली चर्चा या इतिहासात महत्त्वाची आहे. असा कायदा केवळ एका प्रांतात केल्यास तेथील उद्योगांवर विषम बोजा पडेल, हा विरोधकांचा एक आक्षेप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाचे समर्थन केले. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित असल्याने या खर्चाचा बराचसा भार तत्त्वतः शासनाने उचलावा; तथापि शासन तो उचलत नसता स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने जबाबदारी टाळणे योग्य नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हे विधेयक संमत होऊन १९२९ चा मुंबई अधिनियम अस्तित्वात आला. लाभाचा दर दिवसाला आठ आणे होता. मध्य प्रांतात १९३० मध्ये तसाच कायदा झाला व पुढे इतर प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. खर्च एकट्या मालकाच्या माथी असल्याने गरोदर बाईस कामावरून दूर करण्याची पळवाट मात्र खुली राहिली.

खाणींसाठी १९४१ मध्ये मध्यवर्ती कायदा झाला. भूगर्भातील कामावर स्त्रियांना असलेली बंदी युद्धकाळात, १९४३ मध्ये, उठविण्यात आली व १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. कोळशाची निकड भासताच संरक्षण कसे शिथिल होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. [⟶ खाणकामगार].

विविध कायद्यांत एकसूत्रीपणा आणण्यासाठी १९६१ चा प्रसूति-लाभ अधिनियम करण्यात आला. प्रसूतीनंतर वा गर्भपातानंतर सहा आठवडे काम देण्यास त्याने मनाई केली. गरोदर स्त्रीने विनंती केल्यास प्रसूतिपूर्व सहा आठवड्यांच्या आधीच्या महिन्यात तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नसे. असे हलके काम दिल्यामुळे वेतन कापताही येत नसे. गरोदरपणातून उद्‌भवलेल्या आजारासाठी एक महिन्याची जादा सवेतन रजा होती व रजेच्या काळात नोकरीतून काढणे बेकायदा होते. मूळ बारा आठवड्यांची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची करण्यात आली. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास ती बाराच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या अधिनियमाची जागा घेतली. प्रमुख तरतुदी तीत कायम आहेत.

रस्त्यांसाठी चर खणणाऱ्या दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना हा लाभ नाकारण्यात आला होता. तो त्यांनाही मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांपर्यंत मात्र असे संरक्षण व्यवहारात क्वचितच पोहोचते. मुकादमाकडून पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ म्हणून उचल घेतात आणि कामाचा एक दिवस चुकला, तरी ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. त्यामुळे गरोदर बाईही मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते. बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये उघडकीस आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.