चाकाची पाठ

ठाणेकरांना चाकांचा अभिमान जन्मजात असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी कुठे आली? ठाण्याला! चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. हा तपशील नौपाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा धडाधडा सांगतं. पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणपर्यंत गेली ती आमच्या दारावरून. पण डोंबिवलीत तेव्हा एकही व्याख्यानमाला नव्हती, त्यामुळे त्याचा म्हणावा तसा गाजावाजा झाला नाही.

आता माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला इंजिनांच्या नावांपेक्षा आकड्यात रस. त्या गाडीच्या चाकांमध्ये अंतर किती ठेवायचं यावरून चांगलीच घासाघीस झाली होती. विलायतेत सर्रास चार फूट साडेआठ इंच. कंपनीच्या संचालकांना इथेही तेच हवं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीसाहेब सहा फुटांवर अडून बसले. इकडे येण्यापूर्वी ते विलायतेत व्यापार मंडळावर होते आणि रुंद रूळवाले विरुद्ध अरुंद रूळवाले ही तिथली लठ्ठालठ्ठी त्यांनी जवळून पाहिली होती. शेवटी तोडगा निघाला साडेपाच फुटांवर. आमचे वेतन-करार याहून वेगळ्या पद्धतीने होत नाहीत.

साडेपाच फूट म्हणजे १६७६ मिलिमीटर. पण हे झालं रुळांचं माप. चाकांचं माप घेताना रेल्वेचा माणूस एका चाकाच्या आतल्या पाठीपासून दुसऱ्या चाकाच्या आतल्या पाठीपर्यंत पट्टी लावतो, आणि ते भरतं १६०० मिलिमीटर. आपण फलाटावरून चाकाची बाहेरची बाजू पाहतो, तिला तो हिंग लावूनही विचारत नाही.

हे रेल्वेपुराण सांगायचं कारण म्हणजे आमच्या सासऱ्यांची फियाट. १९६८ ची, अकराशे डिलाइट. सासऱ्यांनी ती पुढे कधीतरी सेकंडहँड घेतली आणि आज ब्याऐंशीव्या वर्षीही रविवारी तिच्या बॉनेटवरून फडकं फिरवल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. ती यंदा नव्या टायरांना आली, आणि आमच्या थोरल्या मेहुण्यांच्या डोक्यात रुंद चाकांनी प्रवेश केला.

"भावोजी, काय ती सायकलसारखी चाकं! चांगले एकशे पासष्टचे टायर टाकू, रुंद डिस्क टाकू. गाडीला जरा छाती येईल."

दादांचं सगळंच खोटं नव्हतं. फियाटला मूळ टायर ५.२०-१४ चा. म्हणजे डिस्क चौदा इंची आणि टायरची रुंदी पाच पूर्णांक दोन दशांश इंच, मिलिमीटरात १३२. पण त्याला कारणं होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या आधी डॉज आणि प्लिमथ अशा अमेरिकन बाण्याच्या होत्या. १९५४ मध्ये इटलीची फियाट अकराशे आली. इंजिन जेमतेम १०८९ सी. सी. एवढ्याशा ताकदीला रुंद टायर ओढायला लावणं म्हणजे आमच्या शाखेतल्या एका कॅशियरकडून पगाराच्या दिवशी चार खिडक्या सांभाळून घेणं. १९६४ ला डिलाइट आली, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली. नाव बदललं, अंगकाठी फारशी नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तीही त्याच सडपातळ पायांनी. मधल्या काळात, १९९० च्या दशकात, प्रीमियरने आमच्या कल्याणला पूजो ३०९ बनवून पाहिली. ती थोडी वर्षंच टिकली; तिचं नाव नीट उच्चारायला लोक शिकेपर्यंत ती बंद झाली.

असो. दादा एका दुकानातून रुंद डिस्कचा भाव काढून आले. दुकानदाराने सांगितलं, "बसेल की साहेब, भोकं तीच आहेत." तेवढ्या आधारावर अॅडव्हान्स देण्याची त्यांची तयारी होती. मी त्यांना मुरबाड रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, "टायर नंतर घ्या. आधी चाकाची पाठ बघू."

इंग्रजीत याला बॅकस्पेसिंग म्हणतात. टायपिंगची परीक्षा दिलेल्या माणसाला बॅकस्पेस म्हणजे चुकलेल्या अक्षरावर मागे जाण्याची कळ, एवढंच ठाऊक. इथे प्रकरण निराळं. मिस्त्रीने चाक काढलं आणि तोंड खाली, पाठ वर असं गोणपाटावर पालथं घातलं. वरच्या कडेवर आडवी सरळ पट्टी ठेवली आणि टेप खाली सोडला तो डिस्क जिथे हबला टेकते त्या सपाटीपर्यंत. कडेपासून सपाटीपर्यंतचं अंतर, तीच चाकाची पाठ. टायर त्याने आधीच उतरवून घेतला होता. टायरचा फुगवटा मध्ये आला तर माप खोटं पडतं.

मग त्याने गोणपाटावरच खडूने हिशेब मांडला. पाच इंची डिस्क म्हणतात ती आतल्या गाळ्याची रुंदी. दोन्ही कडा धरून ती भरते साधारण सहा इंच. टेकणारी सपाटी बरोबर मध्यावर असली तर पाठ तीन इंच. आता सहा इंची डिस्क आणली, तर कडांसकट सात. तिची पाठ तीनच राहिली तर वाढलेला सगळा इंच बाहेर, मडगार्डकडे. पाठ चार झाली तर सगळा इंच आत. साडेतीन असेल तर अर्धा अर्धा. भोकं जुळली एवढ्याने यातलं काहीच कळत नाही. म्हणजे चेकसारखंच! पुढून रक्कम दिसते, पण चेक कोणाकोणाच्या हातून गेला हे पाठीवरच्या सह्या सांगतात.

"आत गेला तर काय होईल?" दादांनी विचारलं.

मिस्त्रीने आम्हांला गाडीखाली वाकायला लावलं. मागे कमानपाटे आणि चाक यांच्यामध्ये माझं बोट जेमतेम शिरलं. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठवर येतो ते त्याने दाखवलं, आणि जवळच लोंबणारा ब्रेकचा रबरी पाइपही. एकशे पासष्टचा टायर १३२ पेक्षा ३३ मिलिमीटर जाड. सारखा वाटला तरी आतल्या अंगाला साडेसोळा येणारच. "इथे उभी असताना लागणार नाही, साहेब. पाच माणसं बसवून मुंब्रा बायपासच्या उतारावर वळण घ्याल, तेव्हा लागेल. पाइप घासत घासत एक दिवस फाटेल."

पाच माणसांत दर दिवाळीला सासरे आणि माझी दोन पोरं असतात. दादा काही बोलले नाहीत.

सगळं बाहेर काढावं, तर मडगार्डची कड मारावी लागते, स्टेअरिंग जड होतं आणि चाकाच्या बेअरिंगवर भलत्या जागी भार येतो. शिवाय कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रूपात फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं आहे. दादांना तर गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती! २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला तशी नोंदणी मिळते, वीस हजार फी भरून, पण गाडी मूळच्या रूपात राहिलेली हवी.

घरी हे ऐकून सासऱ्यांनी फडकं झटकलं. "मग बाहेरून काय ते दिसत होतं, एवढ्यासाठी?" असं पुटपुटले आणि आत गेले.

जुन्याच मापाचे टायर शोधायला तीन आठवडे गेले. चार मिळाले. पाचवा, स्टेपनीसाठी, घ्यायचा की नाही यावर अजून वाद चालू आहे. ती डिकीत असते, कोणाला दिसते, असं दादांचं म्हणणं.