ली-एनफील्ड रायफलीची झीज व तिची पारख
ब्रिटिश व भारतीय सैन्यांत अर्धशतकाहून अधिक काळ प्रमाणशस्त्र असलेल्या ०·३०३ इंची रायफलीचे भाग वापराने झिजतात. ती झीज ओळखणे हे आर्मररचे काम असे. या रायफलीचा जन्मच मुळी झिजेच्या प्रश्नातून झाला. १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीत जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांची बोल्टयंत्रणा आणि विल्यम एलिस मेटफर्ड (१८२४–९९) यांनी योजिलेली, सात उथळ व गोलसर खाचांची नळी होती. काळ्या दारूची काजळी साचू नये, हा उथळ खाचांचा हेतू. १८९१ मध्ये कॉर्डाइट आले. त्यात ५८% नायट्रोग्लिसरीन असे. त्याच्या तप्त वायूंनी या खाचा पुसल्या जाऊ लागल्या. म्हणून १८९५ मध्ये पाच अधिक खोल व चौकोनी कडांच्या खाचा योजण्यात आल्या आणि एनफील्ड येथील शासकीय कारखान्याचे नाव रायफलीस मिळाले.

नळी दोन्ही टोकांना झिजते. कारणे मात्र भिन्न. काडतुसाच्या बाजूस, खाचांच्या आरंभी, तप्त वायू धातू खरवडतात. तोंडाकडील झीज पुष्कळदा साफसफाईची असते. पुल-थ्रूची दोरी तिरकी ओढल्यास ती तोंडाच्या एका कडेस चर पाडते आणि दोरीला चिकटलेली धूळ कानशीचे काम करते. रायफल रोज साफ करण्याच्या शिस्तीनेच तिचा नेम बिघडावा, हा विचित्र योग म्हटला पाहिजे. जुन्या काडतुसांच्या चापटोपीतील क्लोरेटमुळे नळीत क्षार उरत. ते दमट हवेत गंज आणीत, म्हणून नळी उकळत्या पाण्याने धुण्याची पद्धत होती. नळी चकचकीत दिसली म्हणजे ती सुस्थितीत आहे असे नव्हे. निर्णय डोळ्यांवर न सोडता इंचाच्या सहस्रांशाने वाढत जाणाऱ्या दंडगोल मापकांनी करतात.

सर्वांत घातक झीज दिसत नाही. बोल्टचे टोक आणि काडतुसाच्या कडेचे आसन यांतील अंतर वाढले, की काडतूस ताणले जाऊन बुडाजवळ फाटते व तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतात. ०·०६४ इंचाच्या मापकावर बोल्ट बंद झाला पाहिजे. ०·०७४ इंचाच्या मापकावर होता कामा नये. १९३९ मध्ये स्वीकृत झालेल्या क्र. ४ रायफलीसाठी ० ते ३ असे क्रमाने लांब होत जाणारे टोकाचे सुटे भाग ठेवीत. अंतर वाढल्यास पुढील क्रमांकाचा भाग बसवीत. त्यामुळे मापकावर उतरलेल्या रायफलीवर ३ हा आकडा दिसल्यास परीक्षकाने समाधान मानू नये. बोल्टचे कान किंवा चौकटीतील त्यांची आसने झिजलेली असण्याचा संभव असतो. दोन्ही कान सारखे टेकतात की नाही, हेही पाहावे लागते.

लाकडाची झीज अनेकदा दुर्लक्षिली जाते. धक्का पेलणारा दस्त्याचा भाग आक्रसला वा चेपला, की नळी हलते आणि नेम चुकतो. भारतातील रायफलींच्या लाकडास बळकटीसाठी आडवा स्क्रू बसवीत. संग्राहक त्यास ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात.

पोलीस दलांत ही रायफल फार काळ टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. इतक्या दीर्घ सेवेत दुरुस्तीच्या वेळी एका रायफलीचा बोल्ट दुसरीस लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. यास्तव जुनी रायफल हाती येताच बोल्टवरील व चौकटीवरील क्रमांक जुळतात का, हे आधी पाहतात. मापके त्यानंतर लावतात.