हँडहेल्ड कन्सोलवरील जुने व्हिडिओ गेम

घरचा टीव्ही, पार्लरमधील नाण्यांवर चालणारे यंत्र किंवा सुरुवातीची हातातली यंत्रे यांसाठी तयार झालेले गेम हातात मावणाऱ्या यंत्रावर नव्याने खेळण्याची प्रथा. पडदा, बटणे, स्पीकर आणि बॅटरी एकाच कवचात असलेल्या यंत्राला हँडहेल्ड कन्सोल म्हणतात. जुना गेम त्याच्या मूळ यंत्राशी घट्ट बांधलेला असतो. पडद्यावर किती पिक्सेल मावतात, प्रोसेसर किती वेगाने चालतो, बोटांखाली किती बटणे आहेत, या मर्यादा धरूनच तो लिहिला जातो. यंत्र बदलले की त्यातील काही टिकते, काही बदलते आणि काही गळून पडते.

पूर्वपीठिका

कार्ट्रिज बदलून वेगवेगळे गेम खेळता येतील असे पहिले हँडहेल्ड म्हणजे अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली कंपनीचे मायक्रोव्हिजन (१९७९). त्याचा पडदा अवघा १६ × १६ पिक्सेलचा होता. १९८० मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने गेम अँड वॉच ही मालिका आणली. तिचे शिल्पकार गुनपेई योकोई. स्वस्त झालेले, वापरून मुरलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा, हे त्यांचे सूत्र होते. कॅल्क्युलेटरमधील द्रवस्फटिक पडदा त्यांनी याच विचाराने खेळात आणला. या मालिकेतील डाँकी काँगमध्ये (१९८२) डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखे दिशाबटण आले आणि पुढे ते जवळजवळ प्रत्येक कन्सोलवर दिसू लागले.

योकोई यांच्याच विभागात घडलेला गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. १६० × १४४ पिक्सेलचा पडदा, हिरवट छटेच्या चार पायऱ्या, सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि चार पेन्सिल सेल एवढीच त्याची सामग्री होती. अटारी लिंक्स (१९८९) आणि सेगा गेम गिअर (१९९०) यांचे पडदे रंगीत व प्रकाशित होते, पण ती यंत्रे सहा-सहा सेल घेऊनही ते लवकर संपवीत. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. अमेरिकेत गेम बॉयसोबत दिलेला टेट्रिस मुळात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर लिहिला होता. म्हणजे हँडहेल्डला घरोघरी नेणारा गेमही दुसऱ्या यंत्रावरूनच आला होता.

घरचा गेम जसाच्या तसा हातात आणण्याचे प्रयत्नही त्याच काळात झाले. टर्बोएक्स्प्रेस (१९९०) घरच्या कन्सोलचीच गेम-कार्डे घेत असे, तर सेगा नोमॅडमध्ये (१९९५) जेनेसिस कन्सोलची कार्ट्रिजे बसत. योकोई यांनी पुढे काढलेल्या संस्थेच्या सहभागातून तयार झालेला, बंदाई कंपनीचा वंडरस्वान (१९९९) आडवा किंवा उभा धरून खेळता येई.

जुने गेम परत आणण्याच्या पद्धती

पहिली पद्धत पुनर्लेखनाची. मूळ गेम समोर ठेवून नव्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बेतला जातो किंवा नव्याने लिहिला जातो. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स ही आवृत्ती १९९९ मध्ये गेम बॉय कलरसाठी निघाली. छोट्या पडद्यावर मूळ दृश्याचा एक भागच मावत असल्याने वरखाली डोकावून पाहण्याची सोय तिच्यात करावी लागली. गेम बॉय ॲडव्हान्स (२००१) या यंत्रासोबत सुपर मारिओ ॲडव्हान्स मालिका सुरू झाली. तिच्यात चित्रे सुधारली आणि पात्रांना आवाज मिळाले. फायनल फँटसीचे पहिले दोन भाग २००४ मध्ये याच यंत्रावर आले तेव्हा कोठेही खेळ जतन करण्याची मुभा मिळाली आणि खेळ सोपा झाला. पुनर्लेखनात गेम नव्या खेळाडूला जवळचा होतो, पण मूळ अनुभवापासून दुरावतो.

दुसरी पद्धत इम्युलेशनची. यात मूळ प्रोग्रॅमला हात लावला जात नाही. नव्या यंत्रावरील एक सॉफ्टवेअर जुन्या प्रोसेसरची, चित्र व ध्वनी चिपची वागणूक हुबेहूब वठवते. आपण जुन्याच यंत्रावर चालत आहोत असे मूळ प्रोग्रॅमला ‘वाटते’. कार्ट्रिजमधील मजकुराच्या फाईलला रॉम म्हणतात. प्रत्येक जुनी सूचना नव्या प्रोसेसरच्या अनेक सूचनांत उलगडावी लागत असल्याने वठवणारे यंत्र मूळ यंत्राहून कितीतरी वेगवान असावे लागते. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरच्या कन्सोलचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा, तर गेम बॉय ॲडव्हान्सचा सुमारे १६.७८ मेगाहर्ट्झचा. एवढ्या फरकामुळेच २००४ मध्ये फॅमिकॉम मिनी ही जुन्या गेमची मालिका त्या यंत्रावर शक्य झाली. पुढे सोनीच्या पीएसपीवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम, निन्टेन्डो थ्रीडीएसवर गेम बॉयचे गेम आणि २०१८ पासून निन्टेन्डो स्विचच्या वर्गणीसेवेत फॅमिकॉमचे गेम अधिकृतपणे मिळू लागले. या सेवेत गेम बॉय व गेम बॉय ॲडव्हान्सच्या गेमची भर २०२३ मध्ये पडली. कंपन्यांच्या बाहेर हौशी प्रोग्रॅमरांनी विनामूल्य इम्युलेटर घडवले. ते चालवणारी छोटी यंत्रे अनबर्निक, मियू यांसारख्या चिनी नाममुद्रांखाली विकली जातात.

तिसऱ्या पद्धतीत सॉफ्टवेअरऐवजी विद्युतमंडलच जुन्या यंत्राचे रूप घेते. एफपीजीए या चिपमधील तर्कद्वारांची जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही बदलता येते. तिच्यात गेम बॉयचे मंडल रचले की ती त्याच्यासारखी चालते. डिसेंबर २०२१ मध्ये वितरित होऊ लागलेला ॲनालॉग पॉकेट हे याचे ठळक उदाहरण असून त्यात मूळ कार्ट्रिजेही बसतात. ही पद्धत स्वभावतः अचूक असते असे नाही. मूळ चिपचा अभ्यास किती बारकाईने झाला आहे, यावरच अचूकता ठरते. मात्र अनेक भाग एकाच वेळी चालत असल्याने बटण दाबणे आणि चित्र हलणे यांतील विलंब कमी ठेवणे सोपे जाते.

चित्राचा प्रश्न

जुन्या चित्रातील प्रत्येक पिक्सेल नव्या पडद्यावर पूर्ण पटीत मोठा झाला तरच चित्र रेखीव राहते. ॲनालॉग पॉकेटचा पडदा १६०० × १४४० पिक्सेलचा, म्हणजे गेम बॉयच्या बरोबर दहापट आहे. ६४० × ४८० च्या पडद्यावर गेम बॉयचे चित्र तिप्पट करून ४८० × ४३२ एवढे होते आणि कडेला काळी चौकट उरते. चौपट करावे तर उंची ५७६ होऊन चित्र बाहेर जाते. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले तर काही पिक्सेल जाड व काही बारीक दिसतात, आणि दृश्य सरकताना ते थरथरते. फॅमिकॉमचे चित्र २५६ × २४० चे, तर गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० × १६० चा. त्यामुळे फॅमिकॉम मिनी मालिकेत चित्र उंचीत दाबावे लागले. थ्रीडीएसवर गेम सुरू करताना विशिष्ट बटण धरून ठेवले तर गेम बॉयचे चित्र न ताणता मूळ मापात दिसे.

मापाइतकाच पडद्याचा स्वभावही महत्त्वाचा असतो. टीव्हीच्या जुन्या काचेच्या नळीवर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळत. सॉनिक द हेजहॉगमधील (१९९१) धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेला आहे. साध्या केबलने जोडलेल्या टीव्हीवर त्या रेघा विरघळून पाणी पारदर्शक दिसे. आजच्या स्वच्छ पडद्यावर मात्र रेघाच उठून दिसतात. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला प्रकाश नव्हता म्हणून त्याच्या अनेक गेममध्ये रंग मुद्दाम फिके व उजळ ठेवले होते. प्रकाशित पडद्यावर तेच रंग उडालेले वाटतात. या उणिवा भरून काढण्यासाठी इम्युलेटरांत टीव्हीच्या आडव्या रेघा किंवा गेम बॉयची हिरवट छटा वठवणारी गाळणी असतात. बंदूक रोखून खेळायचा डक हंट (१९८४) मात्र जसाच्या तसा परत येत नाही. त्याची बंदूक काचेच्या नळीवरील प्रकाश ओळखून नेम ठरवीत असे.

बटणे, वेग आणि अवघडपणा

फॅमिकॉम व गेम बॉयवर कृतीची दोनच बटणे होती, त्यामुळे त्यांचे गेम कोणत्याही हँडहेल्डवर सहज बसतात. फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलच्या कंट्रोलरवर अशी सहा बटणे आणि गेम बॉय ॲडव्हान्सवर चारच. म्हणून त्या गेमची हातातील रूपे घडवताना क्रिया एकत्र कराव्या लागल्या. उलट प्रवासही बोलका आहे. द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग (१९९३) हा गेम बॉयचा गेम खेळताना दोन बटणांवरील वस्तू सतत अदलाबदल कराव्या लागत, स्विचवरील २०१९ च्या आवृत्तीत तलवार आणि ढालीला स्वतंत्र बटणे मिळून तो खोळंबा संपला.

जुन्या यंत्राच्या मर्यादाही गेमचा भाग बनलेल्या असतात. फॅमिकॉम पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रे दाखवू शकत असे. जास्त झाली की ती लुकलुकत. इम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढता येते. खेळ कोणत्याही क्षणी गोठवून ठेवणे आणि चूक झाल्यास मागे जाणे या नव्या सोयींनी अवघडपणाचा अर्थच बदलला. पार्लरमधील गेम नवे नाणे मागत असे आणि घरच्या गेममध्ये लाईफ संपल्या की पहिल्या स्टेजपासून सुरुवात करावी लागे. आज तोच गेम बसच्या प्रवासात दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत पुरा होतो. जुने गेम हँडहेल्डवर रुळण्याचे मोठे कारण त्यांच्या छोट्या स्टेज आणि क्षणात समजणारे नियम हेच आहे.

मूळ यंत्रांची निगा

मूळ यंत्र व कार्ट्रिज वापरणाऱ्यांसमोर जीर्णतेचा प्रश्न असतो. अनेक कार्ट्रिजांत खेळाची प्रगती जपणारा बटन सेल असतो. तो संपला की जतन केलेला खेळ पुसला जातो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर (१९९९) यांत घड्याळही त्याच सेलवर चालत असल्याने तो लवकर संपतो. सेल बदलताना जुना डाख काढून नवा लावावा लागतो. गेम गिअरमधील विद्युतधारित्र पाझरून मंडल खराब होणे, गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा नाहीशा होणे आणि खोक्यात विसरलेल्या सेलच्या क्षाराने पट्ट्या गंजणे हे नेहमीचे दोष आहेत. जुन्या कवचात नवा प्रकाशित पडदा बसवण्याचा छंदही वाढला आहे.

कायदा आणि उपलब्धता

अमेरिकेत सेगा विरुद्ध ॲकोलेड (१९९२) आणि सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (२०००) या खटल्यांतील निकालांनी, यंत्राची वागणूक समजून घेण्यासाठी त्याच्या सॉफ्टवेअरची उकल करणे रास्त वापरात बसू शकते, हे तत्त्व रुजवले. त्यामुळे स्वतंत्रपणे लिहिलेला इम्युलेटर आणि परवानगीविना वाटलेली रॉम या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून बचावासाठी सुरक्षा-प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. ती प्रत इतरांना वाटण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. गेम बॉय मालिकेतील गेमपैकी तर सहा टक्क्यांहूनही कमी उपलब्ध आहेत. २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातील खरेदी बंद झाली, तेव्हा त्यावर पुन्हा उपलब्ध झालेले अनेक जुने गेम दुसऱ्यांदा दुर्मीळ झाले. कार्ट्रिज जपून ठेवता येते. वर्गणीवर मिळालेला गेम सेवा चालू असेपर्यंतच राहतो. ग्रंथालयांना बंद पडलेले गेम अभ्यासकांना दुरून खेळू देण्याची सवलत अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठी घरांत १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या कन्सोललाच ‘व्हिडिओ गेम’ आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत. यातील बहुतेक यंत्रे फॅमिकॉमच्या नकला होत्या. एका कॅसेटवर शेकडो किंवा हजारो गेम असल्याचा दावा असे, पण थोडेच गेम किरकोळ फरकाने यादीत पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या पट्ट्यांवर फुंकर मारण्याची रीत सर्वत्र होती. तोंडातील दमटपणाने पट्ट्या उलट गंजू शकतात. हातातल्या यंत्रांत गेम बॉयपेक्षा टेट्रिसची नक्कल असलेला, १० × २० चौकोनांचा ‘ब्रिक गेम’ अधिक पसरला. त्यामुळे या पिढीला सुपर मारिओ किंवा कंट्रा तोंडपाठ असले तरी मूळ कार्ट्रिज, त्याचे वेष्टन आणि पुस्तिका अपरिचितच राहिली. कंट्राचे जुने भाग एकत्र करणारा अधिकृत संग्रह २०१९ मध्ये स्विचसह इतर यंत्रांवर आला. अशा खेळाडूंना लहानपणचा गेम मूळ रूपात भेटतो तो बहुधा हँडहेल्डवर, आणि तोही पहिल्यांदाच.