दुर्मीळ नेत्ररोग आणि बोलकें यंत्र

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्याचे ७६ रोग गणिले आहेत. जिवंत मनुष्याच्या डोळ्याचा तळ पाहण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळच नव्हतें. तें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५१ सालीं जगापुढें मांडलें. आणि त्याच वर्षीं भाऊ दाजी प्रभृति ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले पदवीधर मुंबईस बाहेर पडले.

परंतु साधन आलें, तरी शिकावयास रोगी पाहिजेच. अमरावतीस १९८४ सालीं पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघालें, अकोल्यास २००२ सालीं सरकारी निघालें. वऱ्हाडच्या मुलांची नागपूरची वारी कांहींशी टळली. तथापि लेबर या जर्मन वैद्यानें १८७१ मध्यें वर्णिलेला आनुवंशिक नेत्ररोग येथील विद्यार्थ्यास साऱ्या शिक्षणकाळांत एकदांही दिसेल, याचा भरंवसा कोणी द्यावा?

येथें बोलक्या यंत्राचा उपयोग होतो. काचबिंदूची कारणपरंपरा संगणकांत मांडण्याचा यत्न अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत झाला होता. पण त्याच्याशीं गप्पा मारतां येत नसत. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी निघाल्यापासून विद्यार्थी यंत्रास सांगूं शकतो, "तूं रोगी हो, रोगाचें नांव मात्र सांगूं नकोस." मग वीस वर्षांचा एक तरुण बोलूं लागतो : एका डोळ्यानें मधलें दिसेनासें झालें, दुखत मुळींच नाहीं, कांहीं आठवड्यांनीं दुसराही तसाच. विद्यार्थी बापाचें विचारतो, आजोबांचें विचारतो. सर्वांची दृष्टि निकोप. मामाचें विचारावयाचें त्यास सुचत नाहीं. हा रोग आईकडून उतरतो, बापाकडून नव्हे. त्याचें मूळ आईकडूनच येणाऱ्या आनुवंशिक द्रव्यांत असल्याचें १९८८ मध्यें दिसून आलें. एकदां असा फसलेला विद्यार्थी पुढें मामास विसरणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. पुस्तकांतील तीच ओळ तो परीक्षेनंतर खुशाल विसरला असता.

मात्र हें यंत्र चुकतेंही, आणि चुकतांना अडखळत नाहीं. नसलेल्या ग्रंथांचे हवाले देतें. लबाडीनें नव्हे, त्यास लाज नाहीं, इतकेंच. शिवाय तें पोसलें आहे मुख्यतः इंग्रजी लिखाणावर. त्या लिखाणांत सिकलसेलचा रोगी बहुधा आफ्रिकी वंशाचा असतो. मेळघाटांतून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयांत आलेला कोरकू मुलगा त्यांत क्वचितच भेटतो. त्याचें रक्त तपासून, डोळ्याचा तळ दिवा धरून पाहण्याचें काम शिक्षकाशेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें.