अगंज पोलादाचे वितळजोडकाम, औद्योगिक बांधकामातील

कारखाने, तेलशुद्धीकरण केंद्रे व अणुवीज केंद्रे उभारताना अगंज पोलादाचे नळ, टाक्या व पात्रे जागेवरच वितळवून जोडण्याचा कुशल व्यवसाय. बांधकामाच्या ठिकाणी तो ‘आर्गॉन वेल्डिंग’ या नावाने परिचित आहे.

जर्मनीतील क्रुप कंपनीत 1912 मध्ये क्रोमियम-निकेलयुक्त, तर इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्या प्रयोगांतून 1913 मध्ये क्रोमियमयुक्त अगंज पोलाद तयार झाले. क्रोमियमाच्या ऑक्साइडाचा पातळ थर या पोलादाचे रक्षण करतो. तथापि जोडालगतचा भाग सु. 450° ते 850° से. तापमानात काही काळ राहिल्यास क्रोमियमाचा कार्बनाशी संयोग होऊन स्फटिककणांच्या सीमा दुर्बल होतात व तेथे गंज शिरतो. यावर उपाय म्हणून टिटॅनियम वा नायोबियम मिसळलेली आणि पुढे कार्बनाचे प्रमाण 0·03 टक्क्यापर्यंत खाली आणलेली पोलादे वापरात आली. टंगस्टनाचे विद्युत् अग्र व अक्रिय वायूचे आवरण वापरणाऱ्या पद्धतीचे एकस्व अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांना 1942 मध्ये मिळाले. तिच्यामुळे पातळ नळांचे जोडही निर्दोष करता येऊ लागले.

महाराष्ट्रात तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण केंद्रे (1954 व 1955) आणि तुर्भे येथील प्लुटोनियम संयंत्र (1964) यांमुळे अशा कामाला चालना मिळाली. वापरलेले अणुइंधन नायट्रिक अम्लात विरघळवावे लागत असल्याने या संयंत्रात अगंज पोलादाची पात्रे अपरिहार्य होती. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले. या प्रकारच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत जोडांलगत ताण व गंज यांच्या संयुक्त परिणामाने तडे जातात, असे 1970 नंतरच्या दशकात अनेक देशांत आढळून आले. तारापूर येथेही 2020 मध्ये बंद केलेल्या या संचांच्या पुनरभिसरण नळांची बदली हाती घेण्यात आली. जोडकामातील उष्णतेचा परिणाम अनेक वर्षांनंतर प्रकट होऊ शकतो, हे यावरून दिसते.

नळ जोडताना आतील हवा आर्गॉनाने बाहेर घालवितात. अन्यथा जोडाची आतील बाजू ऑक्सिडीकरणाने काळी व खडबडीत होते. साध्या पोलादासाठी वापरलेले तारेचे ब्रश व घासचक्र येथे वर्ज्य असतात, कारण लोहकण रुतल्यास गंज सुरू होतो. महत्त्वाच्या जोडांची क्ष-किरणांनी तपासणी होते. जोड करणाऱ्याचा क्रमांक जोडाजवळ किंवा नोंदवहीत नोंदविला जातो. दोषाचा माग त्यामुळे त्या कारागिरापर्यंत लागतो. पण काम उत्तम झाल्यास त्याचे नाव कोठेही उरत नाही.

इंद्रलोक ही वसाहत ज्या भाईंदर पूर्व भागात आहे, तेथे अगंज पोलादाच्या भांड्यांचे कारखाने आहेत. एकाच छपराखालील या उद्योगाहून उभारणीवरील वितळजोडकाराचे जीवन भिन्न असते. प्रकल्प संपला की काम संपते व ठेकेदाराबरोबर त्याला दुसऱ्या गावी जावे लागते. या कामाच्या धुरातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वितळजोडकामाचा सर्वच धूर त्या वर्गात घातला. हा रोग पुष्कळ वर्षांनी उद्भवतो; तोपर्यंत ठेके अनेकदा बदललेले असतात. जोडाची नोंद प्रकल्पाच्या दप्तरात जपली जाते, तशी कारागिराने श्वासावाटे घेतलेल्या धुराची नोंद सलगपणे ठेवल्याखेरीज रोग आणि व्यवसाय यांचा संबंध सिद्ध करणे कठीण असते.