सातबाऱ्यावर नसलेला माणूस

दारिद्र्य हटविणे हा जागतिक बँकेचा जाहीर हेतू. तिने १९८५ साली सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बुडणाऱ्या अक्कलकुवा-अक्राणीत जंगलजमीन कसणारा आदिवासी सरकारी दप्तरात मात्र अतिक्रमणवाला! सातबारा नाही, म्हणून तो जमीनमालक नाही. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह लढलेल्या आमच्या गायरानवाल्यांना ही भाषा नवी नाही. मणिबेलीची माणसे हटली नाहीत. १९९२ साली मोर्स समितीने सरकारांबरोबर बँकेलाही दोषी धरले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच सप्टेंबरात बाधितांच्या तक्रारींसाठी बँकेला तपासणी मंडळ स्थापावे लागले. मला विचाराल तर मदत सुधारली असेल ती इथे, बुडणाऱ्यांच्या रेट्याने. धरण झालेच, २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले.