वेळ मोजतात ती तिसऱ्याची

रंकाळ्याकडेला समोरून वारा असताना तुम्ही मित्राच्या मागे सायकल धरली असेल, तर पायांना पडलेला फरक आठवेल. बर्फावरच्या स्केटिंगमधल्या ‘टीम पर्स्यूट’ शर्यतीचं सगळं गणित हेच.

२००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये ती आली. संघात तिघं, आणि वेळ मोजतात ती शेवटी पोहोचणाऱ्याची. २०१० ला व्हँकुव्हरच्या उपांत्य फेरीत जर्मनीची आनी फ्रीझिंगर अडखळली आणि पोटावर घसरत रेषेपार गेली. तरी संघ जिंकला, पुढे जपानला ०.०२ सेकंदाने हरवून सुवर्णही घेतलं.

पुढचा हवा कापतो, म्हणून त्याचं हृदय जास्त राबतं. त्यात स्केटर सतत गुडघ्यात वाकलेला. ताठ आवळलेल्या मांड्यांत रक्त नीट फिरत नाही, ऑक्सिजन कमी पडतो. (मांड्या भरून येतात त्याचं सगळं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडू नका.) म्हणून पूर्वी आळीपाळीने पुढे यायचे. पण प्रत्येक बदलीत वेग मोडायचा.

अमेरिकेच्या पुरुषांनी बदलीच बंद केली. एकच पुढे, मागचे त्याला हातांनी ढकलतात. २०२२ ला बीजिंगमध्ये त्यांना कांस्य मिळालं आणि इतर संघांनीही ढकलायला सुरुवात केली.